जाड बरा की बारीक?

कॉलेजच्या सायकल स्टँडवर एक चक्कर मारा आणि फक्त टायर बघत चला. एका टोकाला कुणाची तरी रोड बाइक असते, अंगठ्याएवढा जाड, 25 मिलिमीटरचा टायर. दुसऱ्या टोकाला ट्रॅक्टरचं धाकटं भावंड वाटावं अशी चार इंची फॅट बाइक. मधे दहावीनंतर घरच्यांनी घेऊन दिलेल्या गिअरच्या सायकली. आता गेटबाहेर या. कँटीनला पाव टाकायला आलेल्या पाववाल्याची काळी सायकल उभी असेल. तिच्या टायरवर बहुतेक वेळा 28 × 1½ असं उमटवलेलं असतं. म्हणजे रुंदी साधारण 40 मिलिमीटर. रोजच्या वापरासाठी सायकल घेताय आणि टायर किती जाड घ्यावा ते कळत नाहीये? मग आधी या काळ्या सायकलीकडे बघा. शहरातल्या रस्त्यासाठी आज जो आकडा योग्य मानतात, तो तिच्याकडे पहिल्यापासून आहे!

‘जाड टायर जड चालतो,’ हे वाक्य सायकलच्या दुकानात हमखास कानावर पडतं. ते अर्धंच खरं आहे. टायर जमिनीला टेकतो तिथे दबतो, पुढे गेला की पुन्हा फुगतो. या दबण्या-फुगण्यात आपली ताकद खर्च होते. हवेचा दाब सारखाच ठेवला तर बारीक टायरचा टेकलेला भाग लांबट होतो आणि रुंद टायरचा आखूड. आखूड असला की टायर कमी वाकतो. म्हणजे उलट रुंद टायरच हलका चालायला हवा. प्रत्यक्षात रुंद टायरमध्ये आपण हवा कमी ठेवतो, त्यामुळे गुळगुळीत रस्त्यावर हिशोब जवळपास बरोबरीत सुटतो. पण आपला रस्ता गुळगुळीत असतो का? टणक टायर प्रत्येक खडीवर उडतो, तो हादरा सीटमधून पाठीत येतो आणि तुमची ताकद पुढे जायच्याऐवजी अंग हलवण्यात जाते. ‘टूर द फ्रान्स’मधले व्यावसायिक रायडर पूर्वी 23 मिलिमीटरचे टायर वापरायचे. आता ते 28 किंवा त्याहूनही रुंद टायरवर आलेत. तेही तिथल्या रस्त्यांवर!

आपल्याकडे पेव्हर ब्लॉक, रम्बलर, खोदून बुजवलेले चर आणि रस्त्यापेक्षा दोन बोटं खाली गेलेली ड्रेनेजची झाकणं. बारीक टायर खड्ड्याच्या कडेवर आपटला की ट्यूब रिम आणि रस्त्याच्या मधे चिमटली जाते. पंक्चरवाल्याने ट्यूब पाण्यात धरली आणि शेजारी-शेजारी दोन ठिकाणांहून बुडबुडे आले, तर खिळा शोधत बसू नका. हे आपटून झालेलं पंक्चर आहे. हवा कमी होती किंवा वजनाच्या मानाने टायर बारीक होता. याहून वाईट म्हणजे गटाराच्या जाळ्या आणि रेल्वे फाटकातले रूळ. 25 चा टायर त्या फटीत अलगद उतरतो आणि तुम्ही हँडलवरून पुढे. 45 चा टायर गटाराच्या जाळीच्या बहुतेक फटींत उतरतच नाही. (तरीही रूळ शक्यतो काटकोनात ओलांडा, ते सगळ्यांनाच लागू.)

मग फॅट बाइकच का नको? कारण ती वाळू आणि बर्फासाठी जन्माला आली. चार इंच म्हणजे 100 मिलिमीटर रबर, त्याला साजेशी रिम, साजेशी ट्यूब. सिग्नलला दर वेळी थांबून ते सगळं पुन्हा गतीला आणायचं असतं. दिसते भारी, यात वाद नाही. पण रोज आठ-दहा किलोमीटर क्लासला जायचं असेल आणि हॉस्टेलचे दोन मजले सायकल उचलून चढवायची असेल, तर महिन्याभरात ती पार्किंगमध्ये धूळ खात पडते. शहरासाठी 40 ते 50 मिलिमीटर. माझं मत विचाराल तर एवढंच पुरेसं आहे.

आता खरी परीक्षा, ओझ्याची. तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे माल वाहतो? मागच्या कॅरियरवर मैत्रीण किंवा मित्र बसला की तुमची सायकल मालवाहूच झाली! एकटे बसलात तर वजनाचा साधारण साठ टक्के भाग मागच्या चाकावर असतो. तुम्ही 65 किलो आणि सायकल 20 किलो धरली, तर मागच्या चाकावर पन्नासेक किलो. आता गॅसवाल्या काकांची सायकल आठवा. भरलेला घरगुती सिलिंडर जवळपास 30 किलोचा, म्हणजे कॅरियरच्या दोन्ही बाजूंना एकेक लटकवला की झाले 60. मागच्या चाकावरचा भार एकदम दुपटीच्या वर. पुढच्या चाकाला मात्र फारसा फरक पडत नाही. म्हणून डबलसीट जायचं किंवा डिलिव्हरीचं काम करायचं असेल तर मागच्या टायरची हवा वाढवा, पुढची आहे तशी राहू द्या. दोन्ही टायर दगडासारखे टणक करून ठेवले तर पुढचं चाक खड्ड्यात उगाच उड्या मारतं आणि ब्रेक लावताना पकड सुटते. आणि टायर रुंद असण्याचा फायदा इथेच दिसतो. रुंदी 40 वरून 50 केली तर आत मावणारी हवा जवळपास दीडपट होते. तेवढाच भार कमी दाबात पेलला जातो.

दाब किती? टायरच्या कडेवर कमीत कमी आणि जास्तीत जास्त आकडा छापलेला असतो, त्याच्या आत राहायचं. साधारण 65 किलोच्या माणसाने 40 च्या टायरला मागे 50 आणि पुढे 40 पीएसआयच्या आसपास सुरुवात करावी, 50 च्या टायरला त्याहून दहाएक कमी. मग आठवडाभर चालवून पाच-पाचने कमीजास्त करा. वळणावर टायर लोळल्यासारखा वाटला किंवा खड्ड्यात रिम आपटली तर हवा कमी आहे. ‘अंगठ्याने दाबून बघ’ हा उपाय भरवशाचा नाही, 40 आणि 60 दोन्ही अंगठ्याला सारखेच लागतात. पंप घेताना काटा असलेला घ्या. तुमच्या सायकलला मोटरसायकलसारखा वाल्व्ह असेल तर पेट्रोल पंपावर हवा भरता येते. फक्त सायकलच्या ट्यूबमध्ये जागा कमी असते, हवा काही सेकंदांत भरते, तेव्हा लक्ष तिथेच ठेवा.

नक्षीबद्दल एक मोठा गैरसमज आहे. पावसाळा आला की ‘पकड हवी’ म्हणून खोल गोट्यांचे माउंटन बाइकचे टायर घेतले जातात. चिखलात ते उत्तम. डांबरावर मात्र जमिनीला फक्त गोट्याच टेकतात, मधली जागा रिकामी, वर सतत घूं घूं आवाज. पाण्यावरून घसरायला कारला लागतो तसा वेग सायकलला येतच नाही, त्यामुळे ओल्या डांबरावर जवळपास सपाट टायरही चांगला धरतो. ओली लोखंडी झाकणं आणि झेब्रा क्रॉसिंगचा रंग यांच्यावर मात्र कुठलाच टायर धरत नाही. तिथे ब्रेक दाबू नका, वळू नका. स्वस्तातला जाडजूड, कडक रबराचा टायरही टाळा. लोक ‘जाड टायर जड चालतो’ म्हणतात ते बऱ्याचदा अशाच टायरमुळे.

दुकानात जाण्याआधी टायरच्या कडेवरचा 40-622 किंवा 47-559 असा आकडा वाचा. पहिला रुंदीचा, दुसरा टायर रिमवर जिथे बसतो तिथल्या व्यासाचा. रुंदी बदलता येते, व्यास नाही. मग चिमटा, मडगार्ड आणि फ्रेमपासून टायरला किती जागा आहे ते मोजा. नवा टायर बसल्यावर सगळीकडून निदान पाच-सहा मिलिमीटर मोकळे राहिले पाहिजेत. नाहीतर पावसाळ्यात चिखल अडकून चाक घासायला लागतं आणि पुढचं चाक असं अडकलं तर थेट तोंडावर आपटाल. घोड्याच्या नालासारखा कॅलिपर ब्रेक असेल तर फार रुंद टायर त्यात मावतच नाही. डिस्क ब्रेकला ती अडचण नसते. ट्यूबही टायरच्या रुंदीचीच मागा, 25 ची ट्यूब 47 च्या टायरमध्ये ताणली जाऊन पातळ होते.

आणि घरात आजोबांची काळी सायकल पडून असेल, तिच्यावर जर 28 × 1½ लिहिलेलं असेल, तर तिचा दुसरा आकडा 635. शहरातल्या चकचकीत दुकानात ‘28 इंची म्हणजे हाच’ असं म्हणून 622 चा टायर हातात ठेवतील, तो घेऊ नका. तेरा मिलिमीटरचा फरक आहे, रिमवर चढणारच नाही. या मापाचा टायर तालुक्याच्या गावी किंवा जुन्या बाजारपेठेतल्या सायकलच्या दुकानात बघा, तिथे तो अजूनही खुंटीला टांगलेला असतो.