प्रशिक्षकाची खुर्ची कुणाची?

भंडाऱ्याच्या न्यायालयात मी अठरा-वीस वर्षे वकिली करतो आहे. इथे एक रिवाज आहे. दावा मोठा असला की पक्षकार नागपूरहून वकील आणतो. कागद आम्ही जमवायचे, तारखा आम्ही घ्यायच्या आणि युक्तिवादाच्या दिवशी उभा राहणार दुसराच. जिंकला तर तो हुशार, हरला तर "इथल्या वकिलाने तयारी नीट केली नाही"! माझ्यावरही ही पाळी आली आहे. मला कुणी नालायक म्हटले नव्हते. फक्त विचारले नव्हते.

हे आठवण्याचे कारण फुटबॉल. कबड्डीच्या या जिल्ह्यात फुटबॉल कुठून काढला, असे वाचक म्हणतील. पण प्रश्न आपल्या ओळखीचाच आहे.

इंग्लंडचे डेव्हिड बूथ बार्न्सली आणि ग्रिम्स्बी या क्लबांकडून खेळले. पुढे ते ग्रिम्स्बीचे व्यवस्थापक झाले. तिकडे हे मोठे नाव नव्हे. पण खेळाडूपणातून व्यवस्थापकाच्या खुर्चीपर्यंत जाणारी वाट त्यांच्यासाठी मोकळी होती. ती वाट त्यांना पुढे मुंबईतही घेऊन आली. आधी महिंद्र युनायटेड, मग २००७ साली निघालेला मुंबई एफसी हा नवा क्लब. माणसाने काम चोख केले, त्याबद्दल तक्रार नाही.

२००९ साली मुंबई एफसीची ती खुर्ची खालिद जमील यांच्याकडे आली. जन्म कुवेतचा, १९७७ चा. महिंद्र, एअर इंडिया आणि भारतीय संघाकडून ते मधल्या फळीत खेळले. दुखापतींनी खेळ लवकर संपला. क्लबजवळ पैसा बेताचा, मोठे खेळाडू परवडत नसत. तरीही सात हंगाम त्यांनी संघाला आय-लीगमधून खाली घसरू दिले नाही.

२०१४ साली इंडियन सुपर लीग सुरू झाली. आठ क्लब, आठही मुख्य प्रशिक्षक परदेशी. मुंबईच्या नव्या संघाने इंग्लंडचे पीटर रीड आणले. त्याच शहरात पाच वर्षे संघ चालवणारा माणूस होता, त्याला कुणी विचारले? या लीगमध्ये भारतीय माणूस सहायक म्हणून चाले. साहेबांचा निरोप मैदानावर पोहोचवण्याइतकी त्याची लायकी मान्य होती!

आपल्या वाचकांना ही रीत नवी नाही. पळवणकर बाळू यांनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. गोलंदाजी त्यांची हवी होती, पण हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधी मिळाले नाही. ते १९२३ साली त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. तिथे जात आडवी आली, इथे परदेशाची भुरळ. दोन्ही अन्याय एकाच मापाचे नाहीत, हे मी जाणतो. पण राबायला आपला आणि हुकूम द्यायला दुसरा, ही वाटणी दोन्हीकडे दिसते.

२०१६ मध्ये मुंबई एफसीचा आणि जमील यांचा संबंध संपला. ते मिझोरामला गेले, ऐझॉल एफसीकडे. हा क्लब आदल्या हंगामात खालच्या गटात ढकलला गेला होता. गोव्याच्या क्लबांनी माघार घेतली म्हणून त्याची जागा वाचली. ३० एप्रिल २०१७ रोजी शिलाँगमध्ये १-१ बरोबरी झाली आणि ऐझॉल भारताचा विजेता ठरला. मोहन बागानपेक्षा एक गुण जास्त. त्याच हंगामात मुंबई एफसी तळाला गेला. पुराव्याच्या कायद्यात याहून स्वच्छ पुरावा मी क्वचित पाहिला.

तरीही सुपर लीगचे दार उघडायला आणखी चार वर्षे लागली. २०२१ च्या जानेवारीत नॉर्थईस्ट युनायटेडचा परदेशी प्रशिक्षक गेला तेव्हा अर्ध्या हंगामात संघ यांच्या हाती आला. पुढचे दहा सामने संघ हरला नाही, बाद फेरीत पोहोचला. मग ऑक्टोबरमध्ये कायम नेमणूक झाली. लीगमधले पहिले कायम भारतीय मुख्य प्रशिक्षक!

ऑगस्ट २०२५ मध्ये ते भारतीय संघाचे प्रशिक्षक झाले. सावियो मदेरा यांच्यानंतर तेरा वर्षांनी भारतीय माणूस त्या जागी आला. स्पर्धेत लंडनचे स्टीफन कॉन्स्टन्टाईनही होते. ते खेळाडू म्हणून फार मोठे नव्हते, पण आपला संघ त्यांच्याकडे दोनदा देऊन झाला होता.

सप्टेंबरमध्ये ओमानला पेनल्टीवर हरवून संघाने मध्य आशियातल्या स्पर्धेत तिसरा क्रमांक मिळवला. मग ऑक्टोबरमध्ये मडगावला सिंगापूरकडून हार होऊन आशिया चषकाची वाट बंद झाली. नोव्हेंबरमध्ये ढाक्यात बांगलादेशानेही हरवले. डावपेच चुकले असतील. टीका झालीच पाहिजे.

पण बार रूममध्ये एक मित्र म्हणाला, "आपल्या माणसाला हे जमत नाही रे." मी त्याला विचारले, आधीचे स्पेनचे मनोलो मार्केझ आठ सामन्यांत किती जिंकले? एक. तेव्हा तू स्पेनच्या माणसाला जमत नाही म्हणालास का?

तेवढ्यात त्याच्या प्रकरणाचा पुकारा झाला. नागपूरचे वकीलसाहेब आले नव्हते. पुढची तारीख मागायला तो उठला.