विद्यार्थिनी की स्वस्त मनुष्यबळ? नर्सिंग विद्यापीठात कसं आलं

आजचा विषय आहे नर्सिंगचं विद्यापीठीय शिक्षण. हा विषय काढला की एक प्रश्न हमखास येतो : इंजेक्शन द्यायला, ड्रेसिंग करायला पदवी कशाला हवी? प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. त्याचं उत्तर शोधायचं तर आधी दुसरा प्रश्न विचारावा लागतो. शिकणाऱ्या मुलीचा दिवस कोणाचा? शाळेचा की रुग्णालयाचा?

सुरुवात करू १८६० पासून. त्या वर्षी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची शाळा सुरू झाली. क्रिमियाच्या युद्धानंतर लोकांनी त्यांच्या नावानं निधी जमवला होता, त्यातून ही शाळा चालायची. हे नीट लक्षात ठेवा : शाळेच्या पाठीशी रुग्णालयाबाहेरचा पैसा होता.

१८७३ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क, न्यू हेवन आणि बॉस्टन इथे याच धर्तीवर शाळा निघाल्या. मग शेकडो निघाल्या. पण नक्कल झाली ती गणवेशाची, शिस्तीची. स्वतंत्र पैसा बहुतेकांकडे नव्हताच. रुग्णालयांच्या मात्र एक गोष्ट ध्यानात आली. शाळा काढली की वॉर्ड चालवायला हात मिळतात, तेही राहणं-जेवण आणि थोड्या हातखर्चावर! शिकून बाहेर पडलेल्या नर्सेसना रुग्णालयात नोकऱ्या फार कमी. त्या घरोघरी खासगी रुग्णसेवेला जायच्या आणि वॉर्डात पुढची बॅच उभी राहायची. आता व्याख्यान आणि ड्युटी एकाच वेळी आली, तर कोण जिंकणार? ड्युटीच.

यातून वाट काढायची म्हणून काही जण विद्यापीठाकडे वळले. १९०७ मध्ये मेरी ॲडलेड नटिंग न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठाच्या टीचर्स कॉलेजात प्राध्यापक झाल्या. नर्सिंगच्या पहिल्या प्राध्यापक म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. १९०९ मध्ये मिनेसोटा विद्यापीठानं आपली नर्सिंग शाळा काढली. पण गंमत बघा, तिथेही सुरुवातीला तीन वर्षांची पदविकाच होती आणि वॉर्डातलं काम सुटलेलं नव्हतं. पाटी बदलली, दिवस फारसा बदलला नाही.

खरी कोंडी फोडली १९२३ च्या गोल्डमार्क अहवालानं. जोसेफिन गोल्डमार्क या समितीच्या सचिव. कामगारांच्या कामाच्या तासांचा अभ्यास ही त्यांची खासियत. म्हणजे नर्सिंगच्या शाळेकडे त्यांनी कारखान्याकडे पाहावं तसं पाहिलं असेल, तर नवल नाही. निष्कर्ष साधा होता : रुग्णालयाची गरज आणि मुलीचं शिक्षण यांची ओढाताण होते आणि दर वेळी शिक्षण मागे पडतं. त्याच वर्षी रॉकफेलर फाउंडेशनच्या पैशावर येल विद्यापीठात स्वतंत्र शाळा उघडली. ॲनी गुडरिच तिच्या पहिल्या डीन. शाळेचा पैसा वेगळा आणि वेळापत्रकही शाळेचं. वॉर्ड होताच, पण तो शिकण्यासाठी.

आता आपल्याकडे येऊ. १९४३ मध्ये नेमलेल्या भोर समितीचा अहवाल १९४६ मध्ये आला. तेव्हा देशात नर्सेस होत्या जेमतेम सात हजार. त्याच १९४६ मध्ये दोन ठिकाणी बी.एस्सी. नर्सिंग सुरू झालं. एक दिल्लीत, दिल्ली विद्यापीठाखाली. आज ते राजकुमारी अमृत कौर कॉलेज म्हणून ओळखलं जातं. दुसरं वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात, मद्रास विद्यापीठाखाली. पुढे १९५९ मध्ये दिल्लीतच एम.एस्सी. आलं. मुंबईत १९६४ मध्ये एसएनडीटी विद्यापीठाचं लीलाबाई ठाकरसी नर्सिंग कॉलेज निघालं.

आता काही जण म्हणतील, जीएनएम झालेल्या सिस्टर कमी आहेत का? अजिबात नाही. कित्येक वॉर्ड त्यांच्याच अनुभवावर उभे आहेत. आणि त्यांनाही पोस्ट बेसिक बी.एस्सी. करून पदवी घेता येतेच. पदवीचा उपयोग कुठे होतो? रुग्णाचा श्वास वाढलाय, लघवी कमी झालीय, याचा अर्थ काय आणि डॉक्टरांना आत्ता बोलवायचं की तासाभरानं, हे ठरवताना. रात्री अडीच वाजता वॉर्डात तो निर्णय सिस्टरच घेत असते.

२०१४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये युरोपातल्या नऊ देशांचा अभ्यास आला. शस्त्रक्रिया झालेले चार लाखांहून अधिक रुग्ण त्यात होते. पदवीधर नर्सेसचं प्रमाण दहा टक्क्यांनी जास्त, तिथे तीस दिवसांत रुग्ण दगावण्याची शक्यता सात टक्क्यांनी कमी. पण त्याच अभ्यासात दुसरा आकडाही आहे. एका नर्समागे एक रुग्ण वाढला, की तीच शक्यता सात टक्क्यांनी वाढते. हे निव्वळ संबंध आहेत, कार्यकारणाचा पक्का पुरावा नव्हे. तरी दोन्ही आकडे एकत्रच वाचायला हवेत. शिक्षण हवं आणि माणसंही पुरेशी हवीत.

म्हणून एखादं नर्सिंग कॉलेज पाहायला गेलात, तर नुसती संलग्नता विचारू नका. तिथल्या मुलींना विचारा : वॉर्डात तुमच्यासोबत शिकवणाऱ्या मॅडम असतात का? की कमी पडलेल्या स्टाफच्या जागी तुम्हाला उभं करतात? दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ आलं, तर गोल्डमार्क अहवालातली ती जुनी ओढाताण तिथे अजून संपलेली नाही, असं समजा.