कोर्ट मार्शलला कोण बसणार? जवान हरकत घेऊ शकतो

अमरावती-अकोल्याची पोरं फौजेत आहेत, पण कोर्ट मार्शलमध्ये ज्युरी नसते, अधिकारीच फैसला करतात, हे घरच्यांना सहसा ठाऊक नसतं. जनरल कोर्ट मार्शलला किमान पाच अधिकारी लागतात. आर्मी ॲक्ट १९५० च्या कलम १३० प्रमाणे त्यांची नावं वाचून आरोपीला विचारायचं असतं: कोणावर हरकत आहे का?

रणजित ठाकूर खटल्यात हे विचारलंच नव्हतं. ज्या अधिकाऱ्याविरुद्ध जवानाने वर तक्रार केली, तोच निकालाला बसला. जेवण नाकारलं म्हणून वर्षभर सक्तमजुरी, वर बडतर्फी! १९८७ मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कारवाई रद्द केली. रागावलेल्या काझीने फैसला देऊ नये, हे आपल्याकडे मदरशातलं पोरगंही सांगेल. तेव्हा हरकत पहिल्याच दिवशी घ्या, नोंदवून घ्या. अपिलासाठी आर्म्ड फोर्सेस ट्रिब्युनलचं खंडपीठ मुंबईत आहे.