तेंडुलकर, विजय धोंडोपंत

(६ जानेवारी १९२८–१९ मे २००८). विख्यात मराठी नाटककार, पत्रकार आणि मराठी व हिंदी चित्रपटांचे तसेच दूरचित्रवाणीचे पटकथालेखक. नाटककार म्हणून त्यांची कीर्ती इतकी मोठी आहे, की त्यांच्या पटकथालेखनाकडे पुष्कळदा नाट्यलेखनाची एक उपशाखा म्हणून पाहिले जाते. वस्तुतः १९७१ पासून पुढील सुमारे पंधरा वर्षांत त्यांनी लिहिलेल्या पटकथांना भारतीय समांतर चित्रपटाच्या जडणघडणीत स्वतंत्र स्थान आहे.

जीवन : तेंडुलकरांचा जन्म मुंबई येथे झाला. वडील धोंडोपंत हे नोकरी सांभाळून पुस्तक-प्रकाशनाचा लहानसा व्यवसाय करीत. त्यामुळे घरात वाचनाचे व लेखनाचे वातावरण होते. तेंडुलकरांनी बालवयातच लेखनास प्रारंभ केला. १९४२ च्या आंदोलनाच्या काळात त्यांनी शाळा सोडली व त्यांचे औपचारिक शिक्षण तेथेच थांबले. पुढे त्यांनी पत्रकारिता हा व्यवसाय पत्करला आणि नवभारत, मराठा, लोकसत्ता आदी वृत्तपत्रांतून काम केले. बातमीमागील माणूस आणि त्या माणसामागील हितसंबंध पाहण्याची सवय त्यांना या व्यवसायाने लावली. त्यांच्या पटकथांचा पाया या सवयीतच आहे.

श्रीमंत (१९५६) या नाटकाने त्यांच्याकडे जाणकारांचे लक्ष वेधले. शांतता! कोर्ट चालू आहे (१९६७) या नाटकाने त्यांना अखिल भारतीय कीर्ती मिळवून दिली. गिधाडे (प्रथम प्रयोग १९७०), सखाराम बाइंडर (१९७२) व घाशीराम कोतवाल (१९७२) या नाटकांवरून तीव्र वाद झाले. कुटुंबातील, लैंगिक संबंधांतील आणि राजकारणातील हिंसा हा या नाटकांचा समान विषय होता. १९७३ च्या सुमारास त्यांना नेहरू अधिछात्रवृत्ती मिळाली. तिच्या आधारे त्यांनी समाजातील वाढत्या हिंसाचाराचा प्रत्यक्ष हिंडून अभ्यास केला. पटकथालेखनातील त्यांचा सर्वांत फलदायी कालखंड या अभ्यासाला लागूनच सुरू होतो.

पटकथेचे स्वरूप : पटकथा म्हणजे चित्रपटाची दृश्यवार मांडणी. कोणते प्रसंग दाखवायचे, कोणते गाळायचे, कोणती माहिती प्रेक्षकाला केव्हा द्यायची, एक दृश्य कोठे तोडून दुसरे कोठे जोडायचे, हे पटकथालेखक ठरवितो. संवाद हा तिचा एक घटक असतो. तो पुष्कळदा निराळाच लेखक लिहितो. नाटकाची संहिता छापली जाते, वाचली जाते व पुनःपुन्हा रंगभूमीवर येते. पटकथा मात्र चित्रपट पुरा झाला की त्यात विरून जाते. परिणामी तिच्या गुणावगुणांचे श्रेय बहुधा दिग्दर्शकाकडे जाते. तेंडुलकरांच्या बाबतीत ही अडचण विशेष जाणवते. मराठी रंगभूमीवर ते धारदार व सहज संवादांसाठी प्रसिद्ध होते. परंतु त्यांच्या महत्त्वाच्या हिंदी चित्रपटांचे संवाद इतरांचे आहेत. निशांत व आक्रोश यांचे संवाद सत्यदेव दुबे यांचे, मंथनचे कैफी आझमी यांचे, तर अर्धसत्यचे वसंत देव यांचे आहेत. म्हणजे पटकथाकार तेंडुलकरांचे मोल शब्दांत न शोधता रचनेत शोधावे लागते.

मराठी पटकथा : शांतता! कोर्ट चालू आहे या नाटकावरील सत्यदेव दुबे दिग्दर्शित चित्रपटापासून (१९७१) तेंडुलकरांच्या चित्रपटीय कारकीर्दीस आरंभ झाला. घाशीराम कोतवालचे दिग्दर्शक जब्बार पटेल यांच्यासाठी त्यांनी सामना हा स्वतंत्र कथेवरील चित्रपट लिहिला. सहकारी साखर कारखानदारीतून उदयास आलेला ग्रामीण सत्ताधीश आणि दारूच्या आहारी गेलेला एक वृद्ध मास्तर यांच्यातील हा संघर्ष आहे. नाहीशा झालेल्या एका माणसाबद्दल मास्तर तोच प्रश्न पुनःपुन्हा विचारीत राहतो आणि केवळ त्या प्रश्नाच्या आवर्तनातून सत्तेचा सारा डोलारा हादरतो. नीळू फुले व श्रीराम लागू यांच्या भूमिका असलेला हा चित्रपट १९७५ च्या बर्लिन चित्रपट महोत्सवात दाखविला गेला.

अरुण साधू यांच्या मुंबई दिनांक व सिंहासन या दोन कादंबऱ्या एकत्र करून तेंडुलकरांनी सिंहासनची (१९७९) पटकथा लिहिली. अनेक पात्रे व समांतर कथानके असलेल्या या राजकीय ऐवजाला त्यांनी दिगू टिपणीस या पत्रकाराच्या नजरेने एकत्र बांधले. शांता निसळ यांच्या बेघर या कादंबरीवर आधारलेल्या उंबरठामध्ये एका महिलाश्रमाची अधीक्षक होऊन घराबाहेर पडलेल्या सुशिक्षित स्त्रीची कथा आहे. हे दोन्ही चित्रपट जब्बार पटेल यांनीच दिग्दर्शित केले.

अमोल पालेकर दिग्दर्शित आक्रीत (१९८१) या चित्रपटाचा विषय मराठवाड्यातील आहे. बीडच्या शेजारच्या परभणी जिल्ह्यातील मानवत येथे १९७०–८० या दशकाच्या आरंभी झालेल्या हत्यासत्राने महाराष्ट्र हादरला होता. गुप्तधन व अपत्यप्राप्तीविषयीच्या अंधश्रद्धांशी त्याचा संबंध जोडला गेला होता. अशा विषयात भडकपणाचा मोह मोठा असतो. तो टाळून तेंडुलकरांनी अंधश्रद्धा, लोभ आणि गावातील प्रतिष्ठा एकमेकींना कशा पोसतात, यावर लक्ष केंद्रित केले. या चित्रपटास फ्रान्समधील नांत येथील महोत्सवात पारितोषिक मिळाले.

हिंदी पटकथा : श्याम बेनेगल यांच्या निशांतची (१९७५) पार्श्वभूमी १९४५ च्या सुमाराच्या तेलंगणातील सरंजामशाहीची आहे. हा प्रदेश तेव्हा हैदराबाद संस्थानात होता. बीडसह मराठवाड्याचे पाच जिल्हेही त्याच संस्थानाचे भाग होते. त्यामुळे जमीनदाराचा धाक आणि रयतेचे मौन ही या चित्रपटातील परिस्थिती मराठी वाचकाला दूरची वाटू नये. जमीनदाराचे भाऊ एका शिक्षकाच्या पत्नीला पळवून नेतात. शिक्षक सर्व दारे ठोठावतो. अखेरीस गाव उठते. परंतु या उठावात दोषींबरोबर निर्दोषही मारले जातात. अन्यायाचा शेवट न्यायात होतो असा दिलासा लेखक देत नाही.

मंथनची (१९७६) कथा गुजरातमधील दूध-उत्पादकांच्या सहकारी चळवळीवर आधारलेली आहे. तेथील पाच लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये देऊन या चित्रपटाचे भांडवल उभे केले. चळवळीच्या सभासदांच्या पैशातून निघालेला चित्रपट सहज प्रचारपट झाला असता. तथापि सहकारी संस्थेच्या स्थापनेतच गावातील जातिभेद व सत्तासंघर्ष कसे उफाळून येतात, हे या पटकथेत दाखविले आहे. बाहेरून आलेला पशुवैद्य अखेरीस निघून जातो आणि काम दलित वस्तीतील तरुणाच्या हाती राहते. या पटकथेसाठी तेंडुलकरांना राष्ट्रीय पारितोषिक मिळाले. चित्रपटाची पुनरुज्जीवित प्रत २०२४ मध्ये कान महोत्सवात दाखविण्यात आली.

गोविंद निहलानी यांच्या आक्रोशमध्ये (१९८०) पत्नीच्या खुनाचा आरोप असलेला आदिवासी लहान्या भिकू जवळजवळ संपूर्ण चित्रपटात एक शब्दही बोलत नाही. संवादांचा धनी समजल्या जाणाऱ्या लेखकाने मौनालाच मध्यवर्ती पात्र करावे, ही गोष्ट लक्षणीय आहे. श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या कथेवरून लिहिलेल्या अर्धसत्यमध्ये (१९८३) कायद्याचा रक्षकच हिंसेच्या आहारी कसा जातो, हे फौजदार अनंत वेलणकर याच्या रूपाने दाखविले आहे. या दोन्ही पटकथांना फिल्मफेअर पारितोषिके लाभली. केतन मेहता दिग्दर्शित सरदार (१९९३) या वल्लभभाई पटेलांवरील चित्रपटाची पटकथाही तेंडुलकरांचीच होय.

दूरचित्रवाणी : अमेरिकेत १९५०–६० या दशकात थेट प्रक्षेपित होणाऱ्या दूरचित्रवाणी-नाटकांनी लेखकांची एक पिढी घडविली. पॅडी चायेफस्की याचे मार्टी हे नाटक १९५३ मध्ये दूरचित्रवाणीवर झाले. त्यावरील चित्रपटाच्या (१९५५) पटकथेस ऑस्कर पारितोषिक मिळाले. भारतात हा क्रम उलटा झाला. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले आणि प्रायोजित मालिकांचे युग मनोहर श्याम जोशी लिखित हम लोगपासून (१९८४) सुरू झाले. त्यामुळे लेखक रंगभूमी व चित्रपटांकडून दूरचित्रवाणीकडे वळले. तेंडुलकरांनी स्वयंसिद्धा ही मालिका लिहिली. रजनी (१९८५) या मालिकेमुळे घरोघरी पोहोचलेल्या त्यांच्या कन्या प्रिया तेंडुलकर यांची तीत प्रमुख भूमिका होती. मालिकेत कथा भागाभागांनी पुढे न्यावी लागते व प्रत्येक भागाला स्वतःचा शेवट असावा लागतो. प्रसंग एका दाबाखाली घट्ट आवळत नेणे ही तेंडुलकरांची प्रकृती. म्हणून त्यांचे प्रमुख कर्तृत्व चित्रपटातच राहिले.

मूल्यमापन : तेंडुलकरांच्या पटकथांतील केंद्रवर्ती पात्रे पाहता एक सूत्र स्पष्ट होते. सामनातील मास्तर, निशांतमधील शिक्षक, मंथनमधील पशुवैद्य, सिंहासनमधील पत्रकार, आक्रोशमधील वकील, उंबरठातील अधीक्षक आणि अर्धसत्यमधील फौजदार ही सारी शिकलेली, आपल्या कामावर विश्वास असलेली मध्यमवर्गीय माणसे आहेत. प्रस्थापित सत्तेला सामोरे जाताना आपले ज्ञान, पद व सदिच्छा अपुऱ्या असल्याचे त्यांना कळते. कोणी वेडावतो, कोणी निघून जातो, कोणी हाती शस्त्र घेतो. हा अपुरेपणा लेखक प्रेक्षकाला त्या पात्राबरोबरच टप्प्याटप्प्याने उमगू देतो. त्यांच्या रचनाकौशल्याचे मर्म यातच आहे. त्यांच्यावर निराशावादाचा आरोप झाला. खलप्रवृत्तीच्या चित्रणात ते अधिक रमतात, असाही आक्षेप घेण्यात आला. परंतु सामनातील प्रश्न किंवा लहान्याचे मौन यांतून अन्याय नोंदविला जातो, विसरला जात नाही. हे पत्रकाराचे कर्तव्य पटकथाकाराने पार पाडलेले दिसते.

त्यांना संगीत नाटक अकादमीचे पारितोषिक (१९७०), पद्मभूषण (१९८४) व सरस्वती सन्मान (१९९३) हे बहुमान लाभले. पुणे येथे त्यांचे निधन झाले.