बारा मिनिटांची गाडी

बैलगाडी, टांगा, मोटार, फटफटी या वाहनांशी वाचकांचा चांगला परिचय आहे. पण केवळ वाळूच्या टेकड्यांवर उड्या मारण्यासाठी जन्माला आलेल्या गाडीशी तो फारसा नसावा. कॅलिफोर्नियात तिला 'ड्यून बगी' म्हणतात. दारे नाहीत, छप्पर नाही, काच म्हणाल तर पुढे एक उभी पट्टी. लहानशा होडीला चार जाडजूड चाके बसविली तर जे ध्यान दिसेल, तेच हिचे रूप.

होडीची उपमा मी उगीच देत नाही. ही गाडी लोकप्रिय केली ती ब्रूस मायर्स या होड्या बांधणाऱ्या गृहस्थाने. १९६४ साली न्यूपोर्ट बीच येथे त्याने फायबरग्लासचा एक सांगाडा घडविला आणि त्याला फोक्सवॅगनच्या 'बीटल' मोटारीचे इंजिन जोडले. इंजिन पाठीमागे, हवेनेच थंड होणारे, त्यामुळे रेडिएटरची भानगड नाही. आणि सारे वजन मागच्या चाकांवर, म्हणून वाळूत पकड उत्तम. १९६७ मध्ये मेक्सिकोतील बाहा द्वीपकल्पाची खडतर वाट त्याने आपल्या गाडीतून ३५ तासांच्या आत तोडली, आणि मग काय विचारता! ज्याला त्याला अशी गाडी हवी झाली. पुढे पुढे त्याचा कारखाना जुन्या बीटलवर बसवायचा नुसता सांगाडा विकी. गिऱ्हाइकाने घरच्या घरी बीटलची चासी सुमारे साडेचौदा इंच कापून आखूड करायची, पुन्हा जोडायची आणि तिच्यावर तो सांगाडा चढवायचा. पण नकला करणाऱ्यांनी बाजार भरून टाकला, पेटंटचा दावा कोर्टात टिकला नाही, आणि १९७१ मध्ये कारखाना बंद पडला. मायर्स २०२१ साली, वयाच्या ९४ व्या वर्षी वारला.

माझ्या वाट्याला आली ती अशीच एक नक्कल. आम्ही सांता मारिया गावी राहतो. स्ट्रॉबेरीच्या शेतांचे गाव. समुद्र जवळ, आणि ओशिआनोच्या वाळूच्या टेकड्याही जवळ. शेजारी एक्याऐंशी वर्षांच्या बाई एकट्याच राहतात. आमची मुले त्यांना आजी म्हणतात. त्यांच्या यजमानांनी १९६९ साली आपल्या हाताने ही बगी जोडली होती. त्यांच्यामागे वीस वर्षे ती ताडपत्रीखाली उभी. यंदा बाईंनी घर विकले. जूनअखेर लेकीकडे ओहायोला कायमचे जायचे ठरले, तेव्हा एक दिवस त्या कुंपणापाशी येऊन म्हणाल्या, "गाडी तुम्हांला देऊन टाकते. मात्र जाण्यापूर्वी एकदा मला तिच्यातून समुद्रावर न्या."

हातात अकरा आठवडे होते. माझे बालपण कोल्हापूरच्या उद्यमनगरात, वडिलांच्या लेथपाशी गेलेले. तेव्हा लोखंडाचे भय नव्हते. सौभाग्यवतींनी गॅरेजमधली लोणच्याची बरणी तेवढी आत नेली आणि परवानगी दिली.

घरी जोडलेल्या गाडीची एक गंमत असते. कारखान्याच्या गाडीला पुस्तक असते, हिला नसते. तिच्यात निम्मे कारखान्याचे आणि निम्मे जोडणाऱ्याच्या स्वभावाचे. बिघाड शोधायचा तर यंत्राबरोबर माणूसही ओळखावा लागतो. या माणसाचा परिचय मला एका खोक्याने करून दिला. त्यात चार कॉइल, सात कंडेन्सर आणि दोन कार्ब्युरेटर होते, सारे जवळजवळ नवे! एखादा रोग हटत नाही म्हणून वैद्यामागून वैद्य बदलावेत, तसा हा गृहस्थ वस्तूंमागून वस्तू बदलीत राहिला होता. रोग कोणता, ते अर्थात खोके सांगत नव्हते.

वीस वर्षे थांबलेले इंजिन एकदम फिरवू नये. प्लग काढून चारही सिलिंडरांत थोडे थोडे तेल सोडले, दोन दिवस मुरू दिले आणि पाना लावून हाताने फिरविले. ते फिरले. मुलीने टाळ्या वाजविल्या. ती एकोणीस वर्षांची आहे आणि या कामात माझी उजवी बाजू. मग बॅटरी जोडून किल्ली फिरविली, तो नुसता 'टक्' असा आवाज आणि क्लचच्या तारेपाशी धुराची बारीक रेघ! वीज आणि क्लच यांचा काय संबंध? संबंध असा, की बीटलचे इंजिन व गिअरबॉक्स रबराच्या बैठकीवर बसलेले असतात आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून गिअरबॉक्सच्या नाकापासून चासीपर्यंत एक विणलेली जाड पट्टी अर्थिंगसाठी जोडलेली असते. ती गंजून तुटली होती. स्टार्टरचा प्रचंड प्रवाह परतीची वाट शोधीत बिचाऱ्या क्लचच्या तारेतून निघाला होता. नवी पट्टी, घासून लख्ख केलेल्या दोन जागा, आणि तिसऱ्या प्रयत्नाला इंजिन बोलू लागले. दिव्यांचेही दुखणे याच जातीचे निघाले. पत्र्याच्या मोटारीत अंगच अर्थिंगचे काम करते. फायबरग्लासला ते जमत नाही. प्रत्येक दिव्याला स्वतंत्र परतीची तार लागते, आणि इथे सहापैकी चारांच्या तारा सुटल्या होत्या.

आता खरा रोग प्रकट झाला. गाडी छान चाले आणि सुमारे बारा मिनिटांनी हातपाय गाळून बंद पडे. पाऊण तास विश्रांती दिली, की जणू काही झालेच नाही अशी पुन्हा सुरू! जाणते मित्र म्हणाले, कंडेन्सर तापून बाद होतो. लक्षण बरोबर होते. पण खोक्यात सात कंडेन्सर पडले असता आठवा आणणे मला प्रशस्त वाटेना. गाडी बंद पडताच प्लगची ठिणगी पाहिली, ती निळी आणि सणसणीत. म्हणजे वीज निर्दोष. कार्ब्युरेटरमध्ये मात्र पेट्रोलचा थेंब नाही. पुढच्या वेळी बंद पडल्याबरोबर मुलीला म्हटले, "टाकीचे झाकण उघड आणि कान दे." तिने झाकण फिरविले मात्र, 'हुस्स' करून हवा आत शिरली. दोन मिनिटांत गाडी चालू!

पेट्रोल जसजसे खर्च होते तसतशी त्याच्या जागी हवा यावी लागते. त्यासाठी झाकणाला सूक्ष्म वाट असते. या झाकणाला ती नव्हतीच. टाकीत पोकळी वाढत जाई, शेवटी पंपाची ओढ तिच्यापुढे हरे. आणि थांबल्यावर कुठून तरी हवा झिरपली की गाडी पुन्हा तयार. झाकण मोठे सुंदर होते, चांदीसारखे चकाकणारे. शेजारीणबाईंना दाखविले तर त्या डोळे विस्फारून म्हणाल्या, "अहो, हे तर मी त्यांना वाढदिवसाला दिले होते! म्हणजे गाडी मीच बंद पाडीत होते की काय?" आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या. झाकण टाकून देण्याचा प्रश्नच नव्हता. आतल्या अंगाने लेथवर बारीक वाट कोरून हवेची सोय केली.

हसण्याचा भाग इथे संपला. पुढची गोष्ट जोखमीची होती. आखूड केलेल्या चासीचा सारा जीव मधल्या बोगद्यासारख्या कण्यात असतो, आणि तो कणा कापून पुन्हा वेल्डिंगने जोडलेला. तो सांधा पाहिल्यावाचून एक्याऐंशी वर्षांच्या बाईंना मी त्या गाडीत बसविणार नव्हतो. बोल्ट सोडून चौघांनी सांगाडा उचलून बाजूला ठेवला. सांध्यावर लांबी आणि रंगाचा जाड थर होता. तो खरवडून तांबडे भेदक द्रव लावले, पुसले आणि वर पांढरी भुकटी फवारली. धातूला तडा असला तर मुरलेला तांबडा रंग त्यातून पुन्हा वर येतो. पाच मिनिटांत उजव्या अंगाला तीन बोटे लांबीची तांबडी रेघ उमटली. कण्याच्या खालच्या बाजूला तर वेल्डिंग पोचलेच नव्हते.

हे बाईंना कसे सांगावे? नवऱ्याने आपल्या हातांनी गाडी जोडली, हे त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला अभिमानाने सांगत. गुपचूप दुरुस्त करून टाका, असा सल्ला मला घरातूनच मिळाला. पण गाडी अजून त्यांची होती. मी त्यांना बोलावून आणले, कंदील धरला आणि रेघ दाखविली. बराच वेळ त्या वाकून पाहत होत्या. मग म्हणाल्या, "रात्रीच्या वर्गाला सहा आठवडे जाऊन शिकले होते हो ते. नव्याने जोडा. पण त्यांचे काही चांगले उतरले असेल, तर तेवढे असू द्या."

डाव्या अंगाचा सांधा निकोप होता. त्याला मी कानसही लावली नाही. बाकीचे उकरून काढले. बीटलच्या त्या कण्यातूनच पेट्रोलची नळी जाते, म्हणून टाकी, नळी, बॅटरी सारे आधी अंगणाच्या टोकाला नेऊन ठेवले आणि मुलगी आगीचा बंब घेऊन उभी राहिली. तड्याच्या दोन्ही टोकांना भोके पाडली, म्हणजे तो पुढे सरकत नाही. मग तळापर्यंत वेल्डिंग भरले आणि वरून पोलादी पट्टी जोडली. पुन्हा तांबडा रंग, पुन्हा पांढरी भुकटी. या वेळी पांढरे पांढरेच राहिले. ब्रेकच्या नळ्या आणि पेट्रोलचे रबर सगळे नवे घातले. जुने रबर आजच्या मद्यार्कमिश्रित पेट्रोलने कुजते, आणि ते गळते नेमके तापलेल्या इंजिनावर.

जूनच्या तिसऱ्या रविवारी ओशिआनोला गेलो. वाळूत चाके रुतू नयेत म्हणून हवा कमी केली. टेकडीपलीकडच्या गाडीवाल्याला दिसावे म्हणून उंच काठीवर झेंडा लावावा लागतो. आमची स्वारी दिंडीतल्या पताकेसारखी फडफडत निघायला सिद्ध झाली. मी चालवायला बसणार, तो बाईंनी हात पुढे केला. "किल्ली इकडे द्या. परवाना आहे माझ्याकडे."

त्या किनाऱ्यावर ताशी पंधरा मैलांची मर्यादा आहे. बाई पंधरानेच चालल्या, पण ताठ बसून. मी शेजारी, नजर घड्याळावर. आठ मिनिटे, दहा, बारा. इंजिनाचा सूर बदलला नाही. चौदाव्या मिनिटाला वाळूचा एक उंचवटा आला आणि त्या म्हणाल्या, "दर सहलीला गाडी इथेच बंद पडायची. मग हे इंजिन उघडून बसायचे आणि मी चादर अंथरायची. मुलांना वाटे, सहल म्हणजे इथवरच."

त्यांनी गाडी बाजूला घेतली, किल्ली फिरवून इंजिन बंद केले आणि मागच्या पिशवीतून सँडविचे काढली.