धरणारा आणि सोडणारा बंध

विजयादशमीला म्हैसूरच्या राजवाड्यातून बन्नीमंटपाकडे निघणाऱ्या मिरवणुकीत सोन्याची अंबारी वाहणाऱ्या हत्तीबरोबर पोलिसांचे घोडेस्वारही चालतात, आणि त्याच रात्री बन्नीमंटपाच्या मैदानावर मशालींच्या उजेडात घोड्यांवरील कसरती होतात. या शहराचे घोडदळाशी नाते जुने आहे. २३ सप्टेंबर १९१८ रोजी म्हैसूर आणि जोधपूर या संस्थानांच्या भालाईत पथकांनी हैफा हे बंदर तुर्की सैन्याकडून जिंकून घेतले, तेव्हा म्हैसूरच्या स्वारांनी कार्मेल डोंगराच्या खडकाळ चढणीवरून घोडे नेले होते. अशा प्रसंगी स्वाराच्या पायाला आधार असतो तो केवळ दोन लहान लोखंडी कड्यांचा, म्हणजे रिकिबींचा.

रिकिबीकडून दोन परस्परविरोधी कामांची अपेक्षा असते. घोडा उधळला, वळला किंवा त्याने उडी घेतली, तरी पाय तिच्यातून निसटता कामा नये. परंतु स्वार खाली पडला, तर त्याच क्षणी पाय मोकळा झाला पाहिजे. पडलेल्या स्वाराचा पाय अडकून राहिला, तर तो घोड्यामागे फरफटत जातो, आणि हे फरफटणे पडण्यापेक्षा कितीतरी अधिक घातक ठरते. म्हणून रिकीब बुटापेक्षा सुमारे अडीच सेंटिमीटर रुंद घ्यावी, आणि बुटाला टाच असावी, म्हणजे पाऊल आरपार जाणार नाही, असा दंडक आहे. रिकिबीची चामडी वादी खोगिराच्या ज्या पोलादी पट्टीला अडकवलेली असते, ती मागील बाजूस उघडी किंवा बिजागरीची ठेवतात. वादीवर मागच्या दिशेने जोराचा ताण आला की ती पट्टीवरून सरकून सुटते आणि स्वार बचावतो.

हाच प्रश्न एका अगदी वेगळ्या प्रदेशात, बर्फाच्या उतारांवर, पुन्हा उभा राहिला. बर्फावरून घसरत जाण्यासाठी पायाला ज्या लांब, अरुंद फळ्या बांधतात त्यांना स्की म्हणतात, आणि बूट व स्की यांना जोडणाऱ्या साधनाला बाइंडिंग, म्हणजेच बंध. नॉर्वेच्या टेलेमार्क प्रांतातील सोंद्रे नोरहाइम याने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात वाळुंजाच्या जातीच्या झाडांच्या लवचिक फांद्या पिळून टाचेमागून जाणारा बंध वापरला. त्यामुळे उड्या मारणे आणि वळणे शक्य झाले. पुढे १९३०च्या सुमारास स्वित्झर्लंडमध्ये टाच दाबून धरणारा पोलादी तारेचा बंध प्रचारात आला. त्याचे नाव कंदाहार. अफगाणिस्तानातील हे नाव आल्प्स पर्वतात पोहोचले ते लॉर्ड रॉबर्ट्स यांच्यामुळे. १८८० साली काबूलहून कंदाहारवर कूच करणाऱ्या या सेनापतीच्या पदवीवरून स्कीच्या एका चषकाला नाव मिळाले होते, आणि शर्यतीच्या मार्गाने ते बंधापर्यंत आले.

या बंधाने पाय उत्तम धरला, पण तो सोडला मात्र नाही. पडताना लांब स्की पायाला तरफेसारखी पिळत असे, आणि नडगीचे हाड मोडणे ही या खेळातील नित्याची गोष्ट होऊन बसली. अमेरिकेत स्थायिक झालेला नॉर्वेजियन खेळाडू ह्यालमार ह्वाम याचा पाय असाच मोडला. त्यानंतर त्याने १९३९च्या सुमारास ठरावीक पिळाखाली चवड्याकडून सुटणारा बंध तयार केला. दुसऱ्या महायुद्धानंतर फ्रान्समध्ये झाँ बेल आणि जर्मनीत हानेस मार्कर यांनी ही कल्पना पुढे नेली. खोगिराच्या पट्टीचे तत्त्व येथे स्प्रिंगच्या रूपाने अवतरले. या सुधारणांमुळे नडगीचे अस्थिभंग पुष्कळच कमी झाले. गुडघ्यातील अस्थिबंधांचे संरक्षण मात्र बंधाला अद्याप फारसे साधलेले नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे.

आता स्कीचा खेळ केवळ डोंगरउतारावर राहिलेला नाही. कृत्रिम उंचवटे, लोखंडी दांडे आणि पेट्या मांडलेली खास मैदाने, ज्यांना पार्क म्हणतात, ती तयार झाली. २०१४ सालच्या सोची येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये या प्रकारच्या स्पर्धेला स्थान मिळाले. त्याहून धाडसी प्रकार शहरी स्कीचा. यात खेळाडू जिन्यावर फावड्याने बर्फ पसरतात, दोर ओढणाऱ्या यंत्राने वेग घेतात आणि कठड्यावरून घसरत खाली येतात. आपल्याकडे गुलमर्ग आणि औली येथे स्की शिकणाऱ्यांची संख्या वाढत असून त्यातील काही तरुण या प्रकारांकडेही आकृष्ट होणे स्वाभाविक आहे. बंधाची निवड त्यांनी कशी करावी?

येथे पहिला मोह होतो तो बंध घट्ट आवळण्याचा. कठड्यावर स्कीला आडवा धक्का बसतो, काँक्रीटलगतच्या कठीण बर्फावर उतरताना हादरा बसतो, आणि अशा वेळी बंध अकारण सुटला, तर खेळाडू पायऱ्यांवर आदळतो. म्हणून पुष्कळजण सुटण्याचा आकडा वाढवत नेतात. हा आकडा जर्मन मानक संस्थेच्या नावावरून डिन म्हणून ओळखला जातो. तो खेळाडूचे वजन, उंची, वय, कौशल्य आणि बुटाच्या तळाची लांबी यांवरून ठरवतात. आकडा वाढवला की अकाली सुटणे कमी होते हे खरे, परंतु जेव्हा सुटणे आवश्यक असते, तेव्हाही बंध सुटत नाही, आणि मग जुन्या कंदाहारच्या काळातील अस्थिभंग परत येतो.

यावरचा खरा उपाय लवचिक वावात आहे. धक्का बसल्यावर बूट मध्यापासून थोडा सरकतो आणि स्प्रिंग त्याला पुन्हा जागेवर ओढते. सुटण्यापूर्वी बूट जितका सरकू शकतो तितका बंधाचा लवचिक वाव. तो अधिक असेल, तर क्षणिक धक्के बंध स्वतः पचवतो, आणि दीर्घ ताण आला तरच पाय सोडतो. टाचेचा भाग बुटाखाली फिरू शकणारे काही बंध पार्कमधील खेळाडूंना प्रिय आहेत, ते बव्हंशी याच गुणामुळे.

दुसरी गोष्ट आकड्यांच्या पल्ल्याची. आपला आकडा ८ असेल, तर ४ ते १२ असा पल्ला असलेला बंध घ्यावा. ज्याचा पल्ला ८ पासूनच सुरू होतो, असा जड बंध केवळ दणकट दिसतो म्हणून घेणे योग्य नव्हे. आपला आकडा पल्ल्याच्या टोकाशी न येता मध्याजवळ यावा, हे सूत्र लक्षात ठेवावे.

तिसरी गोष्ट घडणीची. कठड्यावर वारंवार आपटणाऱ्या टाचेच्या व चवड्याच्या भागांत धातू जितका अधिक, तितका बंध सामान्यतः टिकाऊ. मात्र त्याबरोबर वजनही वाढते. स्की सुटल्यावर तिला थांबवणाऱ्या ब्रेकच्या काड्या स्कीच्या रुंदीपेक्षा फार बाहेर येऊ नयेत, अन्यथा त्या कठड्यात अडकून वाकतात. बुटाचा तळ आणि बंध एकाच मानकाचे आहेत ना, हे खरेदीपूर्वीच पाहावे, कारण बुटांच्या तळांचे आज अनेक प्रकार आहेत आणि विजोड जोडीत आकड्यांना काही अर्थ उरत नाही.

बंध टिकणे हे पुढील निगेवरही अवलंबून असते. स्क्रू बसवण्याचे काम जाणकार कारागिराकडून, साच्याच्या साहाय्याने करून घ्यावे. चुकीच्या छिद्रातून स्क्रू उपटले गेले, तर उत्तम बंधही निरुपयोगी होतो. मोटारीच्या टपावरून नेताना रस्त्यावरील मिठापासून बंध झाकावा. जोरदार पाण्याच्या फवाऱ्याने तो धुऊ नये, कारण आतील वंगण निघून जाते. प्रत्येक मोसमाच्या आरंभी यंत्रावर सुटण्याची चाचणी घ्यावी, कारण झिजलेली स्प्रिंग जुन्या आकड्यावर वेगळेच वागू शकते. फार जुने बंध बनवणाऱ्या कंपन्यांच्या यादीतून वगळलेले असतात, आणि मग दुकानदार त्यांना हात लावण्यास नकार देतात. ही अडवणूक समजू नये.

टिकाऊपणा म्हणजे कधीही न सुटणे, हा समज घोडेस्वारांनी फार पूर्वीच टाकून दिला होता. स्की घेणाऱ्यानेही दुकानात बंध किती घट्ट आवळता येतो हे विचारण्याऐवजी तो किती धक्के सोसून पाय धरून ठेवतो आणि नेमक्या कोणत्या ताणाला सोडतो, हे विचारावे. या दोन्ही प्रश्नांची उत्तरे ज्याच्याबाबत समाधानकारक मिळतील, तोच बंध निवडावा.