वय सांगण्याच्या दोन रीती : लागलेले वर्ष आणि सरलेले वर्ष

गणनावाचक आणि क्रमवाचक संख्याविशेषणांतील भेद तुम्हांला परिचित आहे. हा भेद केवळ व्याकरणापुरता नाही. वय सांगण्याच्या आपल्या रीतीतही तो दिसतो.

‘मुलगा पाच वर्षांचा झाला’ आणि ‘मुलाला सहावे लागले’ ही दोन्ही विधाने एकाच दिवशी, एकाच मुलाविषयी खरी असतात. पहिल्यात सरलेली वर्षे मोजली आहेत. दुसऱ्यात चालू वर्षाचा क्रम सांगितला आहे. ‘सहावे’ हे नपुंसकलिंगी रूप ‘वर्ष’ या अध्याहृत नामामुळे येते. मौंजीसाठी सांगितलेले ‘गर्भाष्टम’ वर्ष तर गर्भधारणेपासून आठवे असते. जन्मापासून पाहता ते साधारणतः सव्वासहा वर्षे पूर्ण झाल्यावर सुरू होते.

कोरियातील पारंपरिक गणनाही चालू वर्षाचीच आहे. तेथे मूल जन्मतःच एक वर्षाचे मानले जाई आणि नववर्षदिनी सर्वांचेच वय एकाने वाढे. म्हणजे ३१ डिसेंबरला जन्मलेले मूल दुसऱ्या दिवशी दोन वर्षांचे! मराठीत मात्र वर्ष ज्याच्या त्याच्या जन्मदिवशी वा जन्मतिथीला बदलते. दक्षिण कोरियाने २८ जून २०२३ पासून कायदेशीर व प्रशासकीय व्यवहारांत पूर्ण वयाची गणना लागू केली.

आपल्याकडेही शासकीय व्यवहार पूर्ण वयावर चालतो. राज्य परिवहनाच्या गाड्यांतून ७५ वर्षे पूर्ण केलेल्या ज्येष्ठांना २०२२ पासून मोफत प्रवास मिळतो. समजा, भिसेगावातील एक आजी कर्जतच्या स्थानकावर गाडीत बसल्या आणि म्हणाल्या, “मला पंचाहत्तरावे लागले.” वाहक तिकीट मागतो. आजी खोटे बोलत नाहीत आणि वाहकही चुकत नाही. आजींनी क्रम सांगितला. वाहकाला पूर्ण झालेली संख्या हवी आहे. आजींची चौऱ्याहत्तर वर्षेच पूर्ण झाली आहेत.

तुमच्यापैकी अनेकजण घरातील वडीलधाऱ्यांचे अर्ज भरून देत असतील. ऐकलेले क्रमवाचक रूप तसेच आकड्यात उतरवले, तर वय एका वर्षाने वाढते आणि जन्मतारखेशी मेळ बसत नाही. म्हणून आधी विचारावे : लागले की सरले?

स्वाध्याय : तुमच्या परिसरातील तीन वृद्धांना वय विचारा. त्यांची वाक्ये जशीच्या तशी लिहून संख्याविशेषणाचा प्रकार व पूर्ण वय नोंदवा.